रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा तंबूचा मुक्काम : एकच फोर बाय फोर गाडी कोणती घ्यावी?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात पाच माणसे आहेत : मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली असून ती सपाटीवर व्यवस्थित चालते, पण उंच पायरी चढताना तिला हाताला आधार लागतो. गेली तीन वर्षे दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत आम्ही महिन्यातून एकदा तंबू घेऊन मुक्कामाला जातो. पवना धरणाचा काठ, भंडारदऱ्याजवळची रतनवाडी, बामणोलीच्या अलीकडचा शिवसागराचा काठ आणि वेल्ह्याजवळची मावसभावाची शेतजमीन ही आमची नेहमीची ठिकाणे आहेत.

सध्या आमच्याकडे दहा वर्षे जुनी हॅचबॅक आहे. गेल्या डिसेंबरात मावसभावाच्या शेताकडे उतरताना ती अडकली. डांबरी रस्ता संपल्यावर तिथे सुमारे सातशे मीटरची मुरमाची उतरती वाट आहे आणि पावसाळ्यातल्या पाण्याने तिच्या मधोमध चर पाडला होता. डावे चाक चरात गेले आणि गाडीचे पोट उंचवट्यावर टेकले. जॅक लावून, चाकाखाली चपटे दगड रचून गाडी बाहेर काढायला दीड तास लागला. तोवर अंधार पडल्यामुळे आईला बॅटरीच्या उजेडात त्या भुसभुशीत उतारावरून हात धरून खाली न्यावे लागले. ती तेव्हा काहीच बोलली नाही, पण त्यानंतरच्या दोन्ही खेपांना “तुम्ही जाऊन या” असे म्हणून ती घरीच राहिली. तिला पुन्हा सोबत नेता यावे, हा गाडी बदलण्यामागचा माझा मुख्य हेतू आहे.

दुसऱ्या बाजूने, हीच गाडी रोज हिंजवडीला न्यायची आहे. जाऊन-येऊन साधारण ३४ किलोमीटर होतात आणि त्यातला बराचसा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. सोसायटीच्या तळघरातील आमच्या जागेत दोन खांबांमधले अंतर २४५ सेंटिमीटर आहे. ऑन-रोड २४ लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. जिम्नी, थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन आणि पाच दारांची गुरखा अशी चार नावे मनात आहेत. ज्यांनी अशा गाड्या घरच्यांसह प्रत्यक्ष वापरल्या आहेत, त्यांचे अनुभव ऐकण्याची इच्छा आहे.

मुरूमवाट

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण गाडी कशासाठी हवी हे आपण नेमके सांगितले आहे. मी चार वर्षे तीन दारांची थार वापरली आणि आता वर्षभर रॉक्सचा डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारा) प्रकार वापरतो आहे.

आधी जिम्नीचा विचार करू, कारण ते नाव यादीतून लगेच कमी करता येते. वाईट वाटेवरची तिची क्षमता उत्तम आहे. शिडीसारखी चॅसी, लो रेंजचा (संथ पण जोरकस चालीच्या गिअरचा) ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) आणि जेमतेम बाराशे किलो वजन या सगळ्याचा तिला फायदा मिळतो. पण तिच्यात आसने चारच आहेत आणि आपण पाच जण आहात. मुलाला मांडीवर घेऊन घाट उतरण्याचा विचारही करू नये.

गुरखाबद्दल मला आदर आहे. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना यांत्रिक डिफरन्शियल लॉक (आसावरची दोन्ही चाके एकत्रच फिरवणारी सोय), कारखान्यातूनच बसवून आलेला स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता हे सगळे या किमतीत दुसरीकडे मिळत नाही. मात्र ती दोन मीटरहून उंच आहे, फक्त मॅन्युअल गिअरमध्ये येते आणि आत शिरताना बरेच वर चढावे लागते. तळघराच्या उताराशी तुळई किती खाली येते हे आपण मोजले नसेल, तर आजच मोजा. ज्यांना रोज तीस-चाळीस किलोमीटर गर्दीतून जायचे आहे आणि ज्यांच्या आईचा गुडघा दुखतो, त्यांना मी ती सुचवणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपली हॅचबॅक का अडकली, हे नीट समजले तर पुढची निवड सोपी होईल. पोट टेकले ते ग्राउंड क्लिअरन्स कमी म्हणून. पण पोट टेकले नसते, तरीही बहुधा गाडी अडकलीच असती. तिरक्या चरातून जाताना एका कर्णावरची दोन चाके दबतात आणि उरलेली दोन हलकी होतात किंवा चक्क हवेत लटकतात. साधे डिफरन्शियल, म्हणजे आसावरच्या दोन चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा, ज्या चाकाला कमी विरोध आहे ते चाक फिरू देते, त्यामुळे लटकलेले चाक गरगर फिरत राहते आणि जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. माझ्या जुन्या गाडीत एकदा मुळशीजवळच्या शेतवाटेवर मी खाली उतरून हे पाहिले आहे. वर उचललेल्या चाकावरचा ओला मुरूम शिंतोड्यांसारखा उडत होता आणि त्याच आसावरचे दुसरे चाक चिखलात मूर्तीसारखे स्थिर होते. या अडचणीवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था, आणि दुसरा म्हणजे डिफरन्शियल लॉक. रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांत मागच्या आसाला लॉक मिळतो, तरी आपण जो व्हेरिएंट घ्याल त्यात तो आहे ना, हे कागदावर पाहून घ्या.

लो रेंजचे महत्त्व चढापेक्षा उतारावर जास्त जाणवते. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने, ब्रेकला पाय न लावता, खाली उतरते. निसरड्या मुरमावर ब्रेक दाबला की चाके थांबतात आणि गाडी घसरतच राहते. इंजिनच्या पकडीवर उतरले की तसे होत नाही. मागे म्हातारे माणूस बसलेले असताना हा फरक त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. या गाड्यांतील फोर बाय फोर कायम वापरण्यासाठी नाही. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही आस एकमेकांना जखडलेले असतात. मातीवर चाके थोडी सरकून तो ताण मोकळा करतात, पण कोरड्या डांबरावर तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. रोज हिंजवडीला जाताना गाडी टू-व्हीलवरच चालवायची.

स्कॉर्पिओ-एन आणि रॉक्स या दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते. आपल्या राज्यात डिझेलवरचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे, तो हिशेबात धरा. डिझेलची खरी अडचण निराळी आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. सिग्नलला थांबत थांबत केलेल्या प्रवासात ते अर्धवट राहते. माझ्या आधीच्या एका डिझेल गाडीत हा फिल्टर भरल्याचा दिवा लागूनही मी आठवडाभर दुर्लक्ष केले आणि शेवटी ती वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तेव्हापासून मी दर रविवारी पहाटे बायपासवर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवून आणतो आणि तो त्रास पुन्हा झालेला नाही.

मुलांचा विचार करता आणखी एक गोष्ट सांगतो. भारत एनकॅपच्या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत रॉक्सला प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले आहेत. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांसाठी पाच, पण बालकांसाठी तीन तारे आहेत. चार वर्षांचा मुलगा असलेल्या घरी मी याला वजन देईन.

देवरुखची

वरील सविस्तर उत्तराचा मान राखून मी वेगळे मत मांडते.

आम्ही सात वर्षे उंच ग्राउंड क्लिअरन्सची साधी, पुढची चाके ओढणारी गाडी कोकणात वापरत आहोत. जांभ्याच्या सड्यावरची वाट, शेणाने निसरडी झालेली पाणंद आणि पावसातला फरशी पूल हे आमचे रोजचे रस्ते आहेत. सात वर्षांत आम्ही दोनदाच अडकलो आणि दोन्ही वेळा दोर लावून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी पाच मिनिटांत बाहेर काढली. आपण पावसाळ्यात जात नाही आणि महिन्याला एकदाच जाता. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त आठ-नऊ खेपा, आणि त्यातही खरी वाईट वाट एक-दोन किलोमीटरची. तेवढ्यासाठी चार-पाच लाख जास्त मोजून, वर्षभर जड गाडीचे इंधन भरणे मला पटत नाही.

मी आपल्या जागी असते, तर रॉक्सचाच मागच्या चाकांवर चालणारा पेट्रोल प्रकार किंवा तशीच एखादी उंच गाडी घेतली असती. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि एक मजबूत टो-दोर घेतला असता. टायरचा प्रश्न लोक फार हलक्यावर घेतात. गुळगुळीत झालेल्या टायरवरची फोर बाय फोर गाडी ओल्या गवताच्या उतारावर चारही चाकांनी घसरते.

आणि राग मानू नका, पण मावसभावाच्या वाटेवरचा तो चर दोन मजूर एका दिवसात भरून देतील. वरच्या अंगाला पाणी वळवणारा छोटा बांध घातला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा पडणारही नाही. आईंना पुन्हा नेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तो आहे.

तिघेजण

आम्ही नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी अशी तीन माणसे आहोत आणि दीड वर्षापासून पाच दारांची जिम्नी वापरतो. मुरूमवाट यांनी ती आपल्यासाठी बाद केली, ते योग्यच आहे. तरीही आमच्या अनुभवातले सामानाचे गणित आपल्या कामी येईल म्हणून लिहिते आहे.

जिम्नीची डिकी मागची आसने उभी असताना २०८ लिटरची आहे. आम्ही पहिल्या खेपेला घराच्या अंगणात सगळे सामान मांडले, तेव्हा चार माणसांचा तंबूच ७० सेंटिमीटर लांबीच्या पिशवीत होता आणि तो आडवा बसता बसेना. त्यात तीन स्लीपिंग बॅगा, सतरंजी, गॅसची छोटी शेगडी, शिधा, वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि मुलीचे कपडे अशी भर पडली. शेवटी मागचे एक आसन पाडून आम्ही ती जागा सामानाला दिली आणि तेव्हापासून तसेच करतो. आम्ही तिघे असल्यामुळे हे जमते. आपल्या पाच जणांचे सामान याच्या दुपटीच्या आसपास होईल आणि आपल्याला एकही आसन पाडता येणार नाही. म्हणून लिटरचे आकडे पाहून समाधान मानू नका. रॉक्सची डिकी छतापर्यंत भरून ६४४ लिटरची असल्याचे कंपनी सांगते, पण छतापर्यंत सामान रचले की मागचे काही दिसत नाही आणि करकचून ब्रेक लागला तर वरच्या पिशव्या पुढे मुलांच्या डोक्यावर येतात. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग उभी ठेवली तर मागे फारशी जागाच उरत नाही, ती पाडूनच हिशेब करा. पाण्याचा कॅन आणि शेगडी नेहमी खाली, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवायची आणि वर जाळी ताणून बांधायची.

छतावर कॅरिअर टाकून प्रश्न सुटेल असे वाटते, पण उंच गाडीच्या माथ्यावर आणखी वजन चढवले की तिरक्या उतारावर ती लगेच कलते असे वाटू लागते. आम्ही वर फक्त चटया आणि रिकामी बादली ठेवतो.

रोजच्या वापराबद्दल सांगायचे, तर जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर आहे. पेठेतल्या गल्लीत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला याचे महत्त्व दररोज जाणवते. रॉक्स १८७० आणि स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद आहे. आपल्या २४५ सेंटिमीटरच्या जागेत रॉक्स मधोमध उभी केली, तर दोन्ही बाजूंना २९-२९ सेंटिमीटर उरतील. त्यात मोठी माणसे कशीबशी उतरतील, पण आईंना गाडी बाहेर काढल्यावरच बसवावे लागेल. हे आज क्षुल्लक वाटेल, पण वर्षातले तीनशे दिवस आपण याच जागेत गाडी लावणार आहात.

वनखात्याची वाट

गाडी निवडण्याआधी ती कुठपर्यंत न्यायची मुभा आहे, हेही पाहावे असे मला वाटते. रतनवाडी, साम्रद आणि घाटघर हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे नाक्यावर नोंद करून, ठरलेल्या रस्त्यानेच जायचे असते. वाट सोडून माळावर किंवा ओढ्यात गाडी घालणे हा गुन्हा आहे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने तर तो अन्यायच आहे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास कायद्याने बंदी आहे. थोडक्यात, आपण सांगितलेल्या चार ठिकाणांपैकी ज्या वाटेवर लो रेंज खरोखर लागेल आणि जिथे ती वापरण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी वाट एकच दिसते. ती म्हणजे मावसभावाच्या शेताची.

गाडी घेतल्यावर लगेच तिच्यात बदल करण्याचा मोह होतो, तो टाळा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे की, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तो धोक्याचाही आहे. विम्याबाबत एक गोष्ट विसरू नका. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत धरले जात नाही, त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते. कंपनीने ६५० किंवा ७०० मिलिमीटर पाण्याचा आकडा दिलेला असला, तरी तो संथ पाण्यासाठी समजावा. वाहत्या ओढ्यात आधी काठी घेऊन स्वतः चालत जावे, आणि पाणी गुडघ्याशी आले व पाय ओढू लागले, तर गाडी घालूच नये.

मुरूमवाट

देवरुखची यांचा चर भरण्याचा सल्ला मला मनापासून पटला. तो अगदी आधी करावा. मात्र ट्रॅक्टरचा भरवसा त्यांच्या गावात आहे, तसा वेल्ह्याच्या डोंगरात रात्री आठ वाजता नसतो. लहान मुले आणि वृद्ध माणूस सोबत असताना स्वतःच्या बळावर बाहेर पडता येणे, याची किंमत मला चार-पाच लाखांहून कमी वाटत नाही.

कोथरूडकर, आपण म्हणत असाल तर येत्या रविवारी माझ्या गाडीने त्याच वाटेवर जाऊ. आईंनाही सोबत घ्या आणि आपले मुक्कामाचे सगळे सामान बांधून आणा. शोरूमच्या फरशीवर जे कळत नाही, ते तिथे एका तासात कळेल.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. मुरूमवाट यांच्यासोबत रविवारी जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

सामान आम्ही आदल्या रात्रीच अंगणात मांडले. तंबू, पाच स्लीपिंग बॅगा, दोन सतरंज्या, शेगडी, शिध्याची पेटी आणि पाण्याचे दोन कॅन एवढे रॉक्सच्या डिकीत काचेच्या खालपर्यंत बसले. आईची घडीची खुर्ची मात्र राहिली. ती पुढच्या आसनामागे उभी ठेवावी लागली आणि मुलीच्या पायांना थोडी अडचण झाली.

आईला पुढे बसवले. पायदानावर पाय ठेवून वर चढणे तिला पहिल्या प्रयत्नात जमले नाही, कारण पायदानच तिच्यासाठी उंच होते. मग स्वयंपाकघरातले वीतभर उंचीचे लाकडी पाटासारखे स्टूल खाली ठेवले. डावा पाय आधी टाकायचा, गाडीच्या दाराजवळच्या खांबावरची मूठ धरायची आणि मग उजवा पाय उचलायचा, असा क्रम तिने स्वतःच शोधून काढला. उतरताना उलटा क्रम. दुसऱ्या वेळी तिने माझा हात बाजूला सारला.

त्या वाटेवर मुरूमवाट यांनी डांबर संपताच गाडी थांबवली, लो रेंज टाकली आणि टायरमधली हवा ३२ वरून २४ पीएसआय केली. त्या चरापाशी गाडी तिरकी झाली, मागचे एक चाक क्षणभर सैल फिरले, लॉक लागल्याचा दिवा दिसला आणि गाडी सावकाश पुढे सरकली. ब्रेकला पाय लागला नाही. आईने मूठ घट्ट धरली होती, पण खाली शेतात पोहोचल्यावर ती म्हणाली, “इथे रात्री थांबायचं असेल तर माझ्या गोळ्या आणायला हव्या होत्या.”

चर भरण्याचे मावसभावाशी ठरले आहे, होळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मिळून ते काम करणार आहोत. तळघराची तुळई मोजली, उंचीची अडचण नाही. रॉक्स डिझेल फोर बाय फोर घेण्याचे आम्ही नक्की केले आहे, लॉक असलेला व्हेरिएंट कागदावर पाहून. टायर कंपनीचेच ठेवणार असून ते झिजेपर्यंत बदलणार नाही. आधी कॉम्प्रेसर, दोर आणि इंजिन संरक्षणाचा विमा घेणार आहे. रविवारी पहाटेच्या बायपासच्या फेरीसाठी मुलीने आताच आपले नाव नोंदवले आहे.

एकच प्रश्न उरला आहे. ते लाकडी स्टूल डिकीत न टाकता दारापाशीच, पण मुलांच्या पायात न येता, ठेवण्याची कुणी काही सोय केली असेल, तर कृपया सांगावे.